‘पूर्ण’ चौकट आली कुठून?

निसर्ग मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांकडून आम्हांला एक प्रश्न वारंवार येतो. शाळेकडे थोडे पैसे जमले आहेत, मुलांना पक्ष्यांचे आणि मैदानावरच्या खेळांचे फोटो काढायचे आहेत. तर कॅमेरा फुल फ्रेम घ्यावा की क्रॉप सेन्सरचा? दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले असते. “सर, पक्ष्यांसाठी क्रॉपच घ्या. दोनशेची लेन्स लावली की तीनशेची होते!” आम्हीही एके काळी हे फुकटचे शंभर मिलिमीटर मोठ्या आनंदाने घरी आणले होते. पण विज्ञान शिकवणाऱ्याला इथे थोडे अडखळायला हवे. भिंग तेच, काच तीच. मग नुसता कॅमेरा बदलल्याने त्याचे नाभीय अंतर कसे वाढेल?

अडखळायला लावणारा दुसरा शब्द ‘फुल’. फुल म्हणजे पूर्ण. पण कशाच्या मानाने पूर्ण? कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसणारा प्रकाशसंवेदी सिलिकॉनचा तुकडा, म्हणजे सेन्सर, ३६ × २४ मिमी असला की त्याला फुल फ्रेम म्हणतात आणि त्याहून लहान, बहुधा २४ × १६ मिमीच्या आसपास असला की क्रॉप, म्हणजे कातरलेला. हे ३६ आणि २४ काही निसर्गाने ठरवलेले आकडे नाहीत. ते कुठून आले हे पाहिले तर शाळेच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे सापडते. पण आधी एक प्रयोग करून घेऊ.

दोन खिडक्यांचा प्रयोग

प्रयोगशाळेतले २० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घ्या. वर्गाची एक खिडकी सोडून बाकीच्या बंद करा आणि समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा. भिंग कागदापासून साधारण २० सेंमीवर धरले की बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर उमटते. समजा झाड ६ मीटर उंच आहे आणि ३० मीटर दूर आहे. प्रतिमेची उंची म्हणजे झाडाची उंची गुणिले नाभीय अंतर, भागिले झाडाचे अंतर. हिशेब करून पाहा, ४ सेंमी येते. पट्टी लावूनही ४ सेंमीच भरते.

आता दोन जाड पुठ्ठे घेऊन एकात ९ × ६ सेंमीची आणि दुसऱ्यात ६ × ४ सेंमीची खिडकी कापा. आधी मोठ्या खिडकीचा पुठ्ठा कागदावर ठेवा. झाडाच्या वर आभाळ, खाली जमीन, बाजूला कंपाउंडची भिंत दिसेल. मग लहान खिडकीचा ठेवा. झाड आता खिडकीत वरपासून खालपर्यंत जेमतेम मावते, भिंत नाहीशी होते. पट्टी लावा. झाड अजूनही ४ सेंमीच आहे. मोठे काहीच झालेले नाही. आजूबाजूचे झाकले गेले आहे, इतकेच.

मग ते ‘दीडपट’ येते कुठून? दोन्ही खिडक्यांतली चित्रे १८ × १२ सेंमीच्या कागदावर मोठी करून काढायला सांगा. मोठ्या खिडकीतले चित्र दुपटीने वाढवावे लागेल, त्यात झाड ८ सेंमी होईल. लहान खिडकीतले तिपटीने वाढवावे लागेल आणि झाड १२ सेंमीचे होईल. १२ भागिले ८ म्हणजे दीड. ही दीडपट भिंगाने दिलेली नाही, कागदावर चित्र मोठे करताना आली. आणि तिपटीने वाढवलेल्या चित्रात भिंगाचे दोषही तिपटीने वाढलेले असतात. दुकानदार खोटे बोलतो असे नाही. तो दोन पायऱ्या एका वाक्यात गुंडाळतो.

मधोमध चिरलेली फिल्म

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन चलत्चित्रांच्या यंत्रावर काम करत होता. ईस्टमनच्या कारखान्यातून येणारी ७० मिमी रुंदीची फिल्म त्याने मधोमध चिरून ३५ मिमी केली. दोन्ही कडांना भोके पाडली आणि दर चार भोकांमागे एक चित्र असा हिशेब ठेवला. चित्राचा आकार आला साधारण २४ × १८ मिमी. सिनेमा जगभर पसरला तशी ही फिल्मही सगळीकडे मिळू लागली. एका रुंद पट्टीचे दोन भाग करणे सोयीचे होते, यापलीकडे ३५ या आकड्यात काही खास नाही.

जर्मनीत वेत्झलार गावी सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत १९११ साली ओस्कार बार्नाक हा तंत्रज्ञ रुजू झाला. त्याला दम्याचा त्रास होता आणि छायाचित्रणाचा छंद. काचेच्या प्लेटा, त्यांचे धारक, लाकडी कॅमेरा, तिपाई हा सगळा सरंजाम डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नसे. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्याने खिशात मावेल असा एक कॅमेरा घडवला. त्यात सिनेमाची फिल्म आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एकाच चित्राला दिली. १८ अधिक १८ म्हणजे ३६. रुंदी होती तीच, २४. आपली ‘पूर्ण’ चौकट ती हीच. मध्ये पहिले महायुद्ध झाले आणि हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला.

तेव्हा त्याला पूर्ण कोणी म्हटले नाही. जर्मन भाषेत या आकाराचे नावच ‘क्लाइनबिल्ट’, म्हणजे लहान चित्र. अमेरिकेतले वृत्तपत्रीय छायाचित्रकार त्यानंतरही कित्येक वर्षे ४ × ५ इंचांचा स्पीड ग्राफिक खांद्याला लावून हिंडत होते. त्याच्या फिल्मचे क्षेत्रफळ लायकाच्या चौकटीच्या जवळपास पंधरापट होते. इतक्याशा तुकड्यावरून छापायचे म्हणजे फिल्मचे कण दिसणार, हा आक्षेप खराही होता. आज क्रॉप सेन्सरवर घेतला जाणारा आक्षेप आणि हा आक्षेप एकच आहे.

मग खेळांच्या मैदानावर हे लहान चित्र जिंकले कसे? १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने झाइस कंपनीने १८० मिमी नाभीय अंतराचे, एफ/२.८ चे एक भिंग काढले. त्याचे नावच पुढे ‘ऑलिंपिया झोनार’ पडले. (ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवले ते हेच ऑलिंपिक.) एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. १८० ला २.८ ने भागले की ६४ मिमी व्यास येतो. वजनदार, पण माणसाला पेलणारे भिंग. आता हाच धावपटू स्पीड ग्राफिकच्या मोठ्या फिल्मवर तेवढीच जागा व्यापेल असे करायचे, तर साडेतीनपट नाभीय अंतर लागेल, म्हणजे ६३० मिमीच्या आसपास. तेही एफ/२.८ हवे म्हटले तर काच सव्वादोनशे मिमी व्यासाची! ते भिंग उचलायला दोन माणसे लागली असती. थोडक्यात, आज ज्याला पूर्ण म्हणतात ती चौकट खेळांच्या छायाचित्रणात आली ती त्या काळची कातरलेली चौकट म्हणूनच.

जंगलातली गोष्ट थोडी निराळी. लांबचे पाहणारी भिंगे नव्हती तेव्हा छायाचित्रकाराला स्वतःच जवळ जावे लागे. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कर्टन हे बंधू पक्ष्यांच्या फोटोंसाठी बैलाच्या कातड्याचे पोकळ सोंग करून त्यात कॅमेऱ्यासह लपून बसत. आपल्याकडे संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून वाघाकडूनच वाघाचा फोटो काढवून घेतला. अंतराचा प्रश्न तेव्हा असा सोडवावा लागे, आणि तो अजूनही सुटलेला नाही. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

बर्फीच्या वड्या आणि मोहरी

१९९१ साली कोडॅकने व्यावसायिकांसाठी पहिला डिजिटल कॅमेरा विकायला काढला, तेव्हा निकॉन एफ३ या फिल्मच्या कॅमेऱ्याचेच शरीर वापरले. लोकांकडे भिंगे आधीच होती, ती वाया जाऊ नयेत हा हेतू. पण आतला सेन्सर होता २०.५ × १६.४ मिमी. भिंग पूर्वीसारखेच ३६ × २४ च्या चौकटीला पुरेल एवढे प्रकाशाचे वर्तुळ टाकत होते. त्यातला मधला तुकडा तेवढा टिपला जाई. २८ मिमीच्या भिंगाने अख्खी सभा टिपणारे वार्ताहर वैतागले, कारण कडेची माणसे गायब होऊ लागली. ‘क्रॉप’ ही आधी तक्रार होती. गुण म्हणून तिची जाहिरात नंतर सुरू झाली.

१९९९ साली निकॉनचा डी१ आला. २३.७ × १५.६ मिमीचा सेन्सर आणि २७ लाख पिक्सेल. हा आकार एपीएस-सी या नावाने ओळखला जातो. ते नाव १९९६ मध्ये बाजारात आलेल्या एका फिल्मच्या चौकटीवरून पडले. ती फिल्म २०११ पर्यंत बंदही झाली, नाव मात्र तिला कधीही न पाहिलेल्या सेन्सरला चिकटून राहिले.

कंपन्यांनी सरळ ३६ × २४ चा सेन्सर का केला नाही? वर्गात हे सांगायला आमच्याकडे एक स्वयंपाकघरातला प्रयोग आहे. ताटात बर्फी थापली आहे असे समजून पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापा. एकीवर मोठ्या चौकटी आखा, दुसरीवर त्यांच्या निम्म्याहून लहान. आता दोन्हींवर वरून बारा-बारा मोहरीचे दाणे टाका. ज्या वडीवर दाणा पडला ती बाद. मोठ्या वड्यांच्या ताटात किती उरल्या, लहानांच्या ताटात किती उरल्या, ते मोजा. पाच-सहा वेळा करून सरासरी काढा.

सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवतात. ही चकती २०० मिमी व्यासाची धरली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौमिमी. ३६ × २४ मिमीचा तुकडा ८६४ चौमिमीचा, म्हणजे कडेचे वाया जाणे सोडून दिले तरी छत्तीसच्या वर तुकडे निघणार नाहीत. डी१ च्या आकाराचे ८५ पर्यंत निघू शकतील. चकतीवर बारा ठिकाणी दोष असले तर छत्तिसांतले बारा गेले की एकतृतीयांश माल गेला. पंच्याऐंशीतले बारा गेले तर सातवा हिस्सा. शिवाय चकतीवर मंडल छापणाऱ्या यंत्राची एका दमात छापण्याची मर्यादा ३६ मिमीपेक्षा कमी होती. मोठा सेन्सर भागाभागांनी छापून तंतोतंत जुळवावा लागे. कॅननने २००१ मध्ये खेळांसाठी म्हणून जो ईओएस-१डी काढला, त्याचा सेन्सर २८.७ × १९.१ मिमीचा होता, ना पूर्ण ना दीडपट कातरलेला. एका दमात छापता येईल असा तो मोठ्यात मोठा आकार. तो सेकंदाला आठ चित्रे टिपत असे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने ईओएस-१डीएस हा ३६ × २४ चा कॅमेरा आणला. त्याची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात आणि वेग सेकंदाला तीन चित्रे. मैदानावरचे छायाचित्रकार पहिल्याकडेच राहिले, यात नवल नाही.

एका दिवशी आलेली जोडी

२००७ च्या ऑगस्टमध्ये निकॉनने एकाच दिवशी दोन कॅमेरे जाहीर केले. डी३ हा ३६ × २४ चा आणि डी३०० हा क्रॉप. दोन्हींत पिक्सेल जवळजवळ सारखेच, १ कोटी २० लाखांच्या आसपास. तुलनेसाठी यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडायची नाही.

पांढऱ्या छातीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंमी असतो. तो २० मीटरवरच्या तारेवर आडवा बसला आहे आणि आपल्याकडे ३०० मिमीचे भिंग आहे. प्रतिमा किती? २८० गुणिले ३००, भागिले २०,०००, म्हणजे ४.२ मिमी. डी३ वर ४.२ मिमी आणि डी३०० वरही ४.२ मिमी. पण डी३ चा एक पिक्सेल साधारण ८.४६ मायक्रोमीटरचा, म्हणून खंड्याच्या लांबीत ४९६ पिक्सेल बसतात. डी३०० चा पिक्सेल साडेपाच मायक्रोमीटरचा. तिथे ७६४ बसतात. पिसांचा बारकावा इथे येतो, आणि तो येतो तो पिक्सेल दाट असल्यामुळे. कातरण्याशी त्याचा संबंध नाही.

प्रकाशाचे काय? मोठा सेन्सर अंधारात चांगला, असे आपण ऐकतो. खंड्याच्या बाबतीत हे फारसे खरे नाही. खंड्याकडून आलेला प्रकाश भिंगाचे छिद्र गोळा करते. छिद्र तेच, तर खंड्याचा प्रकाशही तेवढाच. मोठ्या सेन्सरवर जो जास्तीचा प्रकाश पडतो तो आजूबाजूच्या आभाळाचा, आणि ते आभाळ आपण नंतर कापूनच टाकणार असतो.

डी३ वापरणाऱ्याला खंड्यावर तेवढेच ७६४ पिक्सेल हवे असतील तर त्याला २० मीटरवरून १३ मीटरवर यावे लागेल. सात मीटर पुढे. तारेवरचा खंड्या तोवर उडालेला असेल, ते एक वेळ चालेल. पण पिलांना चारा आणणारी मादी असेल तर ती उडून जाणे, घरट्याकडे परतायला कचरणे आणि तेवढ्यात कावळ्याचे साधणे, हे सगळे त्या सात मीटरांत घडू शकते. मुलांच्या हाती कॅमेरा देणाऱ्या शिक्षकाने सेन्सरच्या आकारापेक्षा या सात मीटरांचा विचार जास्त करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कबड्डी आणि क्रिकेट

मग डी३ चे एवढे कौतुक का झाले? त्याचे उत्तर संध्याकाळच्या मैदानावर आणि बंदिस्त क्रीडागृहात आहे. कबड्डीचे मैदान लहान असते. चढाई करणारा खेळाडू आपल्यापासून दहा मीटरवर असू शकतो. १८०० मिमी उंचीच्या खेळाडूची प्रतिमा १३५ मिमीच्या भिंगाने २४ मिमी येते, म्हणजे पूर्ण चौकट वरपासून खालपर्यंत भरते. क्रॉप कॅमेऱ्यावर हेच चित्र हवे तर ९० मिमीचे भिंग पुरते. दोन्ही भिंगे एफ/२.८ ची धरली तर पहिल्याचे छिद्र ४८ मिमी व्यासाचे आणि दुसऱ्याचे ३२ मिमी. क्षेत्रफळात सव्वादोनपट फरक. इथे खेळाडूकडून येणारा प्रकाश खरोखरच सव्वादोनपट गोळा होतो, आणि एकहजारांश सेकंदात शटर बंद करायचे असते तेव्हा तो लागतोही. डी३ आयएसओ ६४०० वरसुद्धा छापण्याजोगे चित्र देत असे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये छायाचित्रकारांच्या गर्दीत, एरवी कॅननच्या पांढऱ्या भिंगांचे राज्य असताना, निकॉनची काळी भिंगे पुन्हा दिसू लागली ती त्यामुळेच.

क्रिकेट हाही खेळच, पण हिशेबाने तो खंड्याच्या बाजूला जातो. सीमारेषेपासून फलंदाज ७० मीटरवर असेल तर ४०० मिमीच्या महागड्या भिंगानेही त्याची प्रतिमा १० मिमीच्या जरा वर जाते. २४ मिमीच्या उंचीत ती निम्मीही भरत नाही. म्हणून ‘खेळांसाठी फुल फ्रेम, वन्यजीवांसाठी क्रॉप’ ही वाटणी आम्हांला पटत नाही. चौकट भरता येते की नाही, एवढेच पाहावे. भरता येत असेल आणि त्यासाठी लागणारे मोठे भिंग परवडत असेल, तर मोठा सेन्सर फायद्याचा. भरता येत नसेल तर दाट पिक्सेल आणि लांब भिंग. या भिंगाच्या बाबतीत क्रॉपमुळे काही वाचत नाही, हेही लक्षात असू द्या. ३०० मिमी एफ/४ म्हटले की पुढची काच निदान ७५ मिमीची लागणारच, मागे सेन्सर कुठलाही असो.

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. मोठे सेन्सर बनवणे हळूहळू स्वस्त झाले. कॅननने २०११ मध्ये जाहीर केलेल्या १डी एक्स बरोबर तो २८.७ मिमीचा मधला आकार सोडून दिला. निकॉनचा क्रॉप कॅमेरा डी५०० हा २०१६ चा, जवळजवळ २ कोटी १० लाख पिक्सेलचा. २०१७ च्या डी८५० मध्ये ३६ × २४ मिमीत साडेचार कोटींहून अधिक पिक्सेल आले आणि फक्त मधला भाग टिपण्याची सोयही. तो मधला भाग १ कोटी ९४ लाख पिक्सेलचा भरतो. आपला तोच खंड्या डी५०० वर सुमारे ९९५ पिक्सेल लांब आणि डी८५० वर सुमारे ९६५. म्हणजे पिक्सेल दाट झाले तसा मोठ्या सेन्सरच्या पोटात लहान सेन्सर आपोआप आला, आमच्या ९ × ६ च्या खिडकीत ६ × ४ ची खिडकी मावते तसा. किमतीतला फरक मात्र मिटला नाही.

शाळेसाठी बोलायचे तर वापरलेला क्रॉप कॅमेरा घ्यावा आणि उरलेले पैसे भिंगाकडे वळवावेत. शाळेची आवड कबड्डीची असेल तर ५० मिमी एफ/१.८ हे साधे, स्वस्त भिंग त्यावर उत्तम चालते. पक्ष्यांची असेल तर ३०० मिमीच्या आतले घेऊ नये. खरेदीआधी एका रविवारी मुलांना तळ्यावर न्या. खंड्या नेहमी बसतो ती फांदी आणि त्याला न बिचकवता उभे राहता येते ती जागा, यांतले अंतर पावलांनी मोजू द्या, आणि प्रतिमेचे गणित तिथेच, जमिनीवर काडीने, मांडायला सांगा.